खजिना शेततळ्याकाठी

प्रश्न : समुद्री चाच्यांची गणितं मुलगी आवडीनं सोडवते, तरी परिमिती-क्षेत्रफळात गोंधळते. काय करू?
– एक पालक, दारव्हा

उत्तर : ताई, चाचे राहू द्या, पण खजिन्याचं बेट शेतात आणा. तिला शेततळ्यावर न्या, कुंपणाबाहेरूनच मोजू द्या. चौरस तळ्याची बाजू ३० मीटर असेल, तर एकपदरी कुंपणाला तार १२० मीटर. ही परिमिती. तळ्यानं व्यापलेली जमीन ९०० चौरस मीटर, हे क्षेत्रफळ. खोली ३ मीटर, म्हणून पाणी २७०० घनमीटर? नाही! बाजू उतरत्या असतात. तळ २४ मीटरचा धरला, तर घनफळ २१९६ घनमीटरच भरतं. म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. हा फरक तिला स्वतः सापडू द्या, आधी सांगू नका. आणि एकक लिहिल्याशिवाय उत्तर बरोबर धरू नका.