आधी अन्न, मग अंडी : विदूषक माशाच्या संगोपनाचा पाठ

(सामान्य विज्ञान : इयत्ता ५ वी ते ७ वी)

पाठाचा उद्देश

नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा चित्रांतून व चित्रपटांतून आता खेड्यातील मुलांनाही परिचित झाला आहे. ‘गुरुजी, हा मासा घरी पाळता येईल काय?’ असा प्रश्न वर्गात एखादा विद्यार्थी विचारतोच. ‘नाही’ एवढेच सांगून शिक्षकांनी हा विषय संपवू नये. शोभेचे बहुतेक सागरी मासे आजही प्रवाळखडकांतून पकडूनच आणले जातात. काचपेटीत ज्यांची वीण व वाढ यशस्वी होते अशा थोड्या सागरी माशांपैकी विदूषक मासा हा एक होय. तमिळनाडूतील मंडपम् येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्रात याच्या बीजोत्पादनाचे तंत्र बसविण्यात आले आहे. घरच्या काचपेटीत वाढविलेला प्रत्येक मासा म्हणजे खडकावरून न पकडलेला एक मासा, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी.

विषयविवेचन

निसर्गात हा मासा समुद्रफुलाच्या दंशकारक शुंडकांत आश्रय घेतो. तेथील लहानशा समूहात सर्वांत मोठी ती मादी व तिच्या खालोखाल मोठा तो नर असतो. बाकीचे लहान मासे प्रजनन करीत नाहीत. मादी मरण पावल्यास नराचेच रूपांतर मादीत होते आणि उरलेल्यांपैकी मोठा मासा नर बनतो. म्हणूनच पाळणारा लहानमोठ्या आकाराची दोन अल्पवयीन पिले आणतो. त्यांची जोडी कालांतराने आपोआप जुळते.

काचपेटीत समुद्रफूल नसले तरी चालते, पण पाणी मात्र समुद्रासारखेच हवे. त्यात दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम क्षार असावेत आणि त्याचे तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस राहावे. त्याकरिता सागरी क्षारांचे तयार मिश्रण वापरतात, स्वयंपाकाचे मीठ उपयोगी पडत नाही. माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू नव्या पेटीत वाढावयास कित्येक आठवडे लागतात. तोवर मासे सोडण्याची घाई करू नये.

जोडी एखादे कौल वा मातीची कुंडी चोचून स्वच्छ करते व तीवर शेकडो नारिंगी अंडी चिकटविते. पुढील राखण मुख्यत्वे नर करतो. तो पंखांनी अंड्यांवर पाणी खेळवितो आणि मेलेली अंडी वेचून काढतो. अखेरीस अंड्यांत चकाकणारे डोळे दिसू लागतात. सहा ते आठ दिवसांनी, अंधार पडल्यावर, पिले बाहेर येतात.

येथे मातापित्यांचे काम संपते व पाळणाऱ्याचे सुरू होते. समुद्रात ही पिले प्रवाहाबरोबर वाहत जाऊन आपले अन्न मिळवितात, पण पेटीत ते अन्न नसते. पिलू तीन-चार मिलिमीटर लांबीचे असते, त्याची शिदोरी अल्प असते आणि ते हलते, सजीव अन्नच टिपते. असे अन्न म्हणजे रोटिफर हा सूक्ष्म जीव होय. त्याची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते, व तो स्वतः सूक्ष्म हिरव्या शेवाळावर वाढतो. अंडी दिसल्यावर रोटिफरांच्या शोधास निघणाऱ्याची सारी पिले थोड्याच दिवसांत मरतात. पाऊस पडल्यावर बियाणे शोधू लागणाऱ्या शेतकऱ्यासारखीच ही गत होय. नवशिक्यांची बहुतेक निराशा येथेच होते.

फलकलेखन

अंड्यांपूर्वी दोन आठवडे : शेवाळ व रोटिफर यांची वाढ सुरू.
पहिला दिवस : अंडी.
सहावा ते आठवा दिवस : अंडी असलेले कौल निराळ्या पेटीत, हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलते ठेवणे, रात्री पिले बाहेर.
त्यापुढील ८ ते १० दिवस : रोटिफर.
नंतर : आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील जीवाची नुकतीच जन्मलेली पिले. याच सुमारास अंगावर पांढरे पट्टे उमटू लागतात.

शिक्षकांस सूचना

या पाठासाठी शाळेने खाऱ्या पाण्याची पेटी घेण्याचे कारण नाही. कोंबडीचे पिलू पहिल्याच दिवशी दाणे टिपते, हे मुलांनी पाहिलेले असते. तेथून प्रारंभ करून माशाच्या पिलाशी तुलना करवावी. काचपेटीतील कोणताही मासा ओढ्यात, तळ्यात वा समुद्रात सोडू नये, हेही आवर्जून सांगावे. जीव पाळणे म्हणजे त्याच्या उद्याच्या घासाची आज तजवीज करणे, एवढे एक वाक्य मुले घरी घेऊन गेली तरी पाठ सफल झाला असे समजावे.

उजळणीचे प्रश्न

१. मादी मेल्यावर समूहात कोणता बदल होतो?
२. नर अंड्यांची कोणती कामे करतो? कौल निराळ्या पेटीत हलविल्यावर ती कशाने साधतात?
३. रोटिफर अंड्यांच्या आधीच का वाढवावे लागतात?
४. तुमच्या घरी जनावर विण्यापूर्वी कोणती तयारी करतात? पाच ओळी लिहा.