कासव राहू दे, गप्पीपासून सुरुवात कर

अगं, तू पाठवलेला फोटो पाहिला. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या उमटलेलं, तळहातावर मावणारं ते पिल्लू देखणं आहेच, त्यात वादच नाही. तुला मोह पडला याचं मला नवल वाटत नाही. लहानपणापासून तू विहिरीच्या काठावर पालथी पडून पाण्यात बघणारी पोर. पण जो कोणी ओळखीचा माणूस 'जोडी देतो, घरीच पिल्लं काढा, विकायची जबाबदारी माझी' असं म्हणतोय, त्याला आज संध्याकाळच्या आतच नाही म्हणून टाक. नानांना सांगायची वेळ येण्याआधी.

ते तारा कासव आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. ते पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, वर किमान पंचवीस हजार दंड. विकणारा हे सांगत नाही. तो 'सगळेच ठेवतात, लक्ष्मी येते' एवढंच सांगतो. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं, त्याला हात लावून आपण आत जातो, म्हणून जिवंत कासव घरात ठेवणं पुण्याचं वाटतं लोकांना. पण ही पिल्लं पिशव्यांत, सुटकेसमध्ये कोंबून नेतात आणि कित्येक वाटेतच मरतात. परदेशातल्या हौशी लोकांसाठी भारतातून इतकी कासवं चोरीला गेली, की 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही त्यांना सगळ्यात कडक यादीत टाकावं लागलं. तुला देऊ केलेली जोडी त्याच साखळीतली असणार.

आपल्याकडच्या विहिरीत असतं ते पाणकासव, पावसाळ्यात कधी बांधावर चढून येतं, तेही तसंच संरक्षित. घोरपडही, मांडूळही. मांडुळाबद्दल तर कानावर आलं तरी उठून जा. गुप्तधन आणि लाखोंच्या किमती सांगून पोरांना नादी लावतात आणि पकडली जातात ती पोरंच. शेतात काही जखमी सापडलं, तर वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन कर. घरी आणून बादलीत ठेवू नकोस, हळद लावून बरं करायलाही जाऊ नकोस.

मग तू म्हणशील, दुकानात राजरोस विकतात ते हिरवं पिल्लू तरी घेऊ का, कानाजवळ लाल पट्टा असलेलं? ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानात असतं तेव्हा नाण्याएवढं असतं, म्हणून सगळ्यांना ते काचेच्या वाडग्यात मावेल असं वाटतं. पुढे ते वीत-सव्वा वीत वाढतं आणि नीट सांभाळलं तर तीस वर्षं जगतं. तुझं लग्न होईल, तू देवळ्यातून कुठे जाशील कोण जाणे, तेव्हा ते आईच्या गळ्यात पडणार. त्याला पोहायला मोठा हौद लागतो, अंग वाळवायला कोरडी जागा लागते, कोवळं ऊन लागतं. ऊन नाही मिळालं की पाठ मऊ पडते. शिवाय कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. लहान मुलं ही पिल्लं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेनं 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायलाच बंदी केली. आपल्याकडे लोक कंटाळले की ती तळ्यात नेऊन सोडतात आणि ती आपल्या कासवांच्या जागेवर, अन्नावर हक्क सांगतात. मला याचा फार राग येतो. जीव सोडून दिला म्हणजे सुटका केली असं मानणारी माणसं भेटली की मी बोलल्याशिवाय राहत नाही.

आणि कासवाची पिल्लं काढणं तुला वाटतं तसं नाही. लाल कानवाल्याच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे उबवताना वाळू किती गरम आहे त्यावर ठरतं. साधारण सव्वीस अंशांना नर, एकतीसच्या वर माद्या. हे कळून घेणं मला फार आवडतं, तुलाही आवडेल, पण कळून घेण्यासाठी पाळलंच पाहिजे असं नाही.

फोनवर तू ते गुलाबी, हसऱ्या तोंडाचं अ‍ॅक्सोलोटल दाखवलं होतंस ना, त्याचंही सांगते. ते मेक्सिकोतल्या झोचिमिल्कोच्या थंड पाण्यातलं, सोळा-अठरा अंशांचं पाणी लागतं त्याला. देवळ्याच्या मे महिन्यात ते उकडून मरेल. बर्फाच्या बाटल्या टाकून किती दिवस जगवशील? शिवाय त्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांपासून 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, मेली, कुणाला दिली, तेही कळवावं लागतं. बॉल पायथन, इग्वाना हेही त्यात आले. दुकानदार पावती देत नसेल, तर तो प्राणी कुठून आला हे त्याला सांगायचं नाही, इतकं समज.

बेडूक बघायचे तर पाळायची गरजच नाही, माय. पहिला मोठा पाऊस पडला की कांद्याच्या रानाकडेच्या डबक्यात बेडूकमासे दिसतील. रोज सकाळी जाऊन बघ. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, शेपूट आटत जाते. बाटलीत भरून आणलेस तर दोन दिवसांत पाणी नासेल आणि सगळे मरतील. आपले मोठे बेडूकही कायद्यानं संरक्षित आहेत. एके काळी त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवायचे, 1987 मध्ये सरकारनं ते बंद केलं.

आता तुझ्या कामाचं. तुला जीव वाढताना बघायचाय आणि जमलं तर चार पैसे मिळवायचेत. दोन्हीसाठी गप्पीच घे. हसू नकोस. आरोग्य केंद्राच्या हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडतात तेच ते मटमैले मासे, पण रंगीत, झालरीच्या शेपटीचे गप्पी त्यांचीच निवडून काढलेली वंशावळ आहे. आशाताईंना नाहीतर हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्यांना विचार, पैदास केंद्रातून देतात. शिकायला तेच बरे. मेले तर तुझं मन दुखेल, पण खिसा फाटणार नाही.

आपल्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरे डाग पडतात. टेट्रा, डिस्कस अशा माशांना ते मानवत नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मात्र जड पाणीच लागतं. म्हणजे देवळ्याचं पाणी तुझ्या बाजूनं आहे. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जाईपर्यंत दिवसभर उघडं ठेव.

टाकी भरून लगेच सगळे मासे सोडू नकोस. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्याच प्रमाणात चालतं. हे जिवाणू स्पंजवर, वाळूवर घर करायला चार ते सहा आठवडे घेतात. म्हणून सुरुवातीला दोन-तीनच मासे, चिमूटभर खाणं आणि आठवड्याला चौथाई पाणी बदलणं. नव्या टाकीत मासे 'उगाच' मरत नाहीत, या अमोनियानं मरतात. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात धू. नळाखाली धरलास तर मेहनतीनं आलेले जिवाणू वाहून जातील. काढलेलं पाणी कढीपत्त्याला घाल, झाड तरारून येईल.

नर ओळखणं सोपं आहे. त्याच्या पोटाखालचा पर काडीसारखा बारीक असतो, मादीचा पंख्यासारखा. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेव, नाहीतर नर एकाच मादीला पळवून पळवून थकवतात. मादी अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी पोहती पिल्लं देते. शेपटीकडचा काळा डाग गडद झाला आणि पोट चौकोनी दिसायला लागलं की दिवस भरले समज. त्याच वेळी टाकीत हायड्रिला दाट टाक, कारण आई स्वतःची पिल्लं खाते. पिल्लांना उकडलेल्या अंड्याच्या बलकाची अगदी चिमूट, दिवसातून तीनदा. जास्त घातलंस तर पाणी दुधाळ होऊन वास मारतो.

पण खरी मेख वेगळीच आहे. मादी एकदा नराशी जुळली की त्याचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते. तू दुकानातून सुंदर निळी मादी आणून लाल नराजवळ ठेवलीस, तरी पुढची कित्येक पिल्लं दुकानातल्या कुठल्याशा नराची असतील. म्हणून वंश निवडायचा तर पिल्लं महिन्याची होण्याआधी नर-मादी वेगळे करायचे आणि वही ठेवायची. तारीख, कोणती मादी, कोणता नर, किती पिल्लं. ज्यांची शेपूट वाकडी, पाठ कुबड, त्यांना पुढच्या वंशात घेऊ नकोस. वही ठेवणाऱ्याला हा धंदा जमतो, बाकीच्यांची सगळी टाकी दोन वर्षांत मटमैली होते.

आणि फवारणी! हे मी जीव तोडून सांगतेय. कांद्यावर मारायच्या कित्येक औषधांत जी पायरेथ्रॉइड असतात, ती माशांना मारायला अगदी थोडीही पुरतात. पंप पाठीवरून उतरवलेल्या हातानं टाकीत हात घालायचा नाही, शेततळ्याचं पाणी आणायचं नाही. त्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विडची मशीन लावायची नाही, कारण हवेचा पंप तीच हवा पाण्यात ढकलतो. नाना शेतातून येतात ते दार सोडून आतल्या खोलीत टाकी ठेव. थंडीत आपल्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा हिटर लाव. उन्हाळ्यात लाईट गेली आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, तर तांब्यानं पाणी उंचावरून सोड, हवा मिसळेल.

पिल्लं जास्त झाली तर लोहोणेरला जाऊन गिरणेत सोडू नकोस. गप्पी फार चिवट आहे, नदीतल्या देशी माशांची अंडी, पिल्लं खातो. दुकानदार 'काच साफ करतो' म्हणून सकर मासा देईल, तोही घेऊ नकोस. हौशी लोकांनी सोडलेले सकर आज उजनीच्या मच्छिमारांच्या जाळ्यात येतात आणि जाळी फाडतात.

विकायचं पुढचं पुढे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटचा खर्च तीन लाख धरला होता आणि महिलांना साठ टक्के अनुदान. आता काय स्थिती आहे ते नाशिकला मत्स्यव्यवसाय विभागात विचारता येईल, मी सोबत येईन. पण आधी एक वर्ष एकाच टाकीत काढ. आईला पैसे मागू नकोस, माझ्याकडे दोन फुटी टाकी आणि स्पंज फिल्टर पडून आहे, पुढच्या रविवारी येताना घेऊन येते. तोवर त्या माणसाला फोन कर, आणि वही विकत आण. आखीव घे, उभ्या रेघांची.