वायरींच्या नावपट्ट्या

शालेय साहित्याच्या कपाटात एके काळी नकाशे, तक्ते, मणिचौकट आणि तराजू एवढ्याच वस्तू असत. आता त्यांच्या शेजारी संगणक, प्रोजेक्टर, स्पीकर, टॅब व इन्व्हर्टर येऊन बसले आहेत आणि अशा प्रत्येक वस्तूमागून दोन-चार वायरी आल्या आहेत. नकाशा भिंतीवर कसा टांगावा हे नव्याने रुजू झालेल्या शिक्षकास कोणी सांगावे लागत नाही. वायरींचे तसे नाही. खोक्यात गुंतून पडलेल्या काळ्या वायरींपैकी कोणती कशाची, हे ज्याने त्या प्रथम जोडल्या त्यालाच ठाऊक असते. त्याची बदली झाली की ते ज्ञानही त्याच्याबरोबर दुसऱ्या गावी जाते.

मग मागाहून आलेला शिक्षक एक वायर लावून पाहतो, ती बसत नाही. दुसरी बसते, पण पडद्यावर चित्र उमटत नाही. तिसरी लावण्याचे धैर्य होत नाही. अखेर यंत्र बिघडले असे समजून त्यावर कापड घातले जाते. वस्तुतः यंत्र धड असते. ग्रामस्थांनी वर्गणी जमवून घेतलेली वस्तू केवळ नाव न लिहिल्यामुळे वर्षभर पडून राहते आणि त्या वर्षीच्या मुलांना ती पाहावयासही मिळत नाही. वायरीस नावपट्टी लावणे हे काम क्षुल्लक वाटते, परंतु ते पुढे येणाऱ्या शिक्षकासाठी करावयाचे आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

याहून मोठा धोका अडॅप्टरचा आहे. भिंतीवरील बोर्डात २३० व्होल्टचा दाब असतो. संगणकादी यंत्रांस एवढा दाब सोसत नाही, म्हणून तो उतरवून देणारी लहानशी काळी पेटी मध्ये असते, तिला अडॅप्टर म्हणतात. लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा १९ व्होल्टच्या आसपासचा असतो. इंटरनेटच्या राउटरचा पुष्कळदा १२ किंवा ९ व्होल्टचा, तर साध्या मोबाइल चार्जरचा ५ व्होल्टचा. अडचण अशी की, यांतील कित्येकांची गोल पिन दिसावयास सारखीच असते आणि एकाची पिन दुसऱ्याच्या खाचेत सहज बसते. १२ व्होल्टच्या यंत्रास १९ व्होल्टचा अडॅप्टर जोडला तर यंत्र क्षणात जळू शकते, आणि जोडणाऱ्यास आपले काय चुकले हेही उमगत नाही. पिन बसली म्हणजे जोड बरोबर झाली, हा समज शिक्षकांनी प्रथम मनातून काढून टाकावा.

अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. पहिली, आत येणाऱ्या विजेची. दुसरी, बाहेर जाणाऱ्या विजेची. नावपट्टीवर उतरवावयाची ती दुसरी ओळ. तीत व्होल्ट व अँपिअर असे दोन आकडे आढळतात. व्होल्टचा आकडा यंत्रावर लिहिलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा यंत्रास लागतो तेवढा किंवा त्याहून अधिक असला तरी चालतो, कारण यंत्र स्वतःस हवा तेवढाच प्रवाह घेते. तो कमी असल्यास मात्र अडॅप्टर तापतो. याखेरीज गोल पिनेच्या अडॅप्टरवर एक लहान आकृती असते. पिनेचा मधला भाग धन की ऋण, हे ती सांगते. तीही पट्टीवर काढून घ्यावी. नावपट्टी चिकटवताना छापील मजकूर झाकला जाणार नाही याची मात्र काळजी घ्यावी. तो मजकूर हीच मूळ नोंद होय.

चित्र व ध्वनी वाहणाऱ्या वायरींबाबतचा घोटाळा निराळा आहे. व्हीजीए म्हणून ओळखली जाणारी, तीन ओळींत १५ टाचण्या असलेली रुंद तोंडाची वायर केवळ चित्र नेते. ध्वनीसाठी वेगळी वायर स्पीकरला जोडावी लागते. एचडीएमआय वायर चित्र व ध्वनी दोन्ही नेते. "चित्र दिसते पण आवाज येत नाही" ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते. मोबाइलच्या वायरींतही काही केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांतून माहितीची देवाणघेवाण होत नाही. अशा वायरीवर "फक्त चार्जिंग" असे लिहिले तर पुढचा अर्धा तास वाचतो.

पट्टीवर काय लिहावे? नुसते "संगणक" असे लिहून भागत नाही, कारण संगणकालाच चार वायरी असतात. मुंबईचे डबेवाले डब्यावर रंगाने काढलेल्या अक्षरांच्या व अंकांच्या खुणांतून डबा कोठून निघाला व कोठे पोचवावयाचा हे दोन्ही सांगतात. वायरीचेही तसेच असावे. "क्रमांक ४, संगणक ते प्रोजेक्टर, चित्र" एवढा मजकूर पुरे. तो वायरीच्या दोन्ही टोकांस सारखाच हवा. तपासणीपुरत्या लावलेल्या सुबक पट्ट्या एकाच टोकाला आढळतात, पण गोंधळ टेबलाखालच्या दुसऱ्या टोकाला होत असतो. यंत्रावर खाचेशेजारी इंग्रजी अक्षरे छापलेली असल्यास ती जशीच्या तशी उतरवून त्यांपुढे मराठीत अर्थ लिहावा.

लिहिण्याजोगा सपाट भाग असलेले नायलॉनचे टॅग बाजारात मिळतात. ते नसल्यास औषधाच्या दुकानातील पांढरी कापडी चिकटपट्टी उत्तम काम देते. सुमारे ६ सेंटिमीटरचा तुकडा मधोमध वायरीभोवती दुमडून त्याची दोन्ही अंगे एकमेकांस चिकटवावीत, म्हणजे लहानशी झेंडी तयार होते व दोन्ही बाजूंस लिहिता येते. ती प्लगपासून साधारण चार बोटे अंतरावर असावी. वायर जेथे वाकते तेथे लावलेली झेंडी लवकर सुटते. लेखन बॉलपेनने किंवा न पुसणाऱ्या मार्करने करावे. जेल पेनची शाई पावसाळ्यातील दमट हवेत पसरते आणि उन्हाच्या खिडकीजवळ पुष्कळ शाया विटतात. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्याने बांधला व त्यावर पेन्सिलीने लिहिले तरी अक्षर वर्षानुवर्षे टिकते.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. यंत्रे नीट चालत असतानाच कोणती वायर कोठून कोठे गेली आहे हे पाहून कागदावर लिहून घ्यावे. त्यानंतर बोर्डाचे बटण बंद करावे, प्लग काढावा आणि यंत्रांकडची टोके जागच्या जागी असतानाच पट्ट्या लावाव्यात. सर्व वायरी सोडवून मग नावे देऊ पाहणे म्हणजे गुंता पुन्हा ओढवून घेणे होय. बोर्ड, इन्व्हर्टर, बॅटरी व सौर पॅनेलच्या वायरींस विद्यार्थ्यांचा हात लागू देऊ नये. ते काम शिक्षकाने वायरमनच्या देखत करावे.

पट्टी लावल्यावर वायर गुंडाळावयाची ती सैल वेटोळ्यांत, आणि बांधावयाची ती कापडी चिंधीने. नायलॉनचा बंध करकचून आवळला तर आतील तारा दबतात. प्लगच्या मुळाशी वायर कधीही मुडपू नये. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर मात्र वापरताना पूर्ण उलगडलेली असावी, कारण वेटोळ्यात राहिलेली वायर भार पडल्यावर तापते.

पाचवीपासून पुढच्या वर्गांस हे काम कार्यानुभवाच्या दोन तासिकांत देता येईल. बोर्डातून व यंत्रातून पूर्ण सोडवलेल्या, पट्टी लावलेल्या वायरींची लांबी मुलांनी मोजावी, क्रमांकवार यादी करावी, आणि घाईत लावलेल्या पट्ट्या सुवाच्य अक्षरांत पुन्हा लिहून काढाव्यात. ज्यांचे अक्षर सुरेख त्यांनाच हे काम देण्याचा मोह टाळावा. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशी गैरहजर असलेल्या एखाद्या मुलास बोलावून, काही न सांगता, प्रत्येक वायर ज्या दोन यंत्रांमध्ये जावयाची त्यांच्यामध्ये नुसती मांडावयास सांगावे. तो अडखळेल तेथे त्यास बोल न लावता ती पट्टी बदलावी. नव्या शिक्षकाची स्थिती या मुलासारखीच असणार आहे.

मुलांच्या यादीची एक प्रत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी. दुसरी जडवस्तू संग्रह नोंदवहीत, संबंधित यंत्राच्या नोंदीसमोर जोडावी. कार्यभार देताना व घेताना नोंदवहीतील इतर वस्तूंप्रमाणे वायरीही क्रमांकानुसार मोजून घ्याव्यात. एखादी बदलली असल्यास जुना क्रमांक तिला न देता नवा द्यावा आणि जुन्यासमोर "निकामी" असा शेरा तारखेसह लिहावा.