चार मिनिटांचे संभाषण

इ. स. 1956 च्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट ही त्या दिवसांत रणभूमी झाली होती. जनतेचा उठाव चिरडून टाकण्यासाठी सोव्हिएत रणगाडे रस्त्यारस्त्यांतून फिरत होते आणि जिवाच्या भीतीने लोक तळघरांत दडून बसले होते. अशा वेळी, 7 नोव्हेंबर रोजी, ग्यॉर्ग लिगेटी नावाचा एक संगीतकार तळघर सोडून वर आपल्या घरात आला आणि रेडिओला कान लावून बसला. जर्मनीतील कोलोन शहराच्या नभोवाणी केंद्रावरून कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन ह्या तरुण संगीतकाराची एक नवी रचना प्रक्षेपित व्हावयाची होती. एरवी परदेशी केंद्रे ऐकू येऊ नयेत म्हणून सरकार त्यांच्या ध्वनिलहरींवर घरघराट सोडीत असे. त्या धामधुमीत तो थांबला होता. बाहेर तोफगोळे फुटत होते आणि लिगेटी संगीत ऐकत होता. ह्याला वेड म्हणावे की निष्ठा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लिगेटी बुडापेस्टच्या संगीत विद्यालयात शिकवीत असे. परंतु संगीतात नवे काही करून पाहण्यास त्या राजवटीत मज्जाव होता; त्याच्या धीट रचना टेबलाच्या खणातच पडून राहत. अखेर डिसेंबरमध्ये त्याने व्हेरा ह्या आपल्या सहचारिणीसह देश सोडला. टपालाच्या गाडीत पत्रांच्या पोत्यांखाली लपून दोघे सरहद्दीजवळ पोहोचले आणि रात्रीच्या अंधारात पायीच ऑस्ट्रियात शिरले. पुढे 1957 च्या फेब्रुवारीत लिगेटी कोलोनला आला. हा प्रवास सोपा नव्हता, आणि तो केवळ वाटेतल्या पहाऱ्यामुळे नव्हे. अवघ्या बारा वर्षांपूर्वीपर्यंत जर्मनीत नाझींची सत्ता होती. लिगेटीचे कुटुंब ज्यू होते. त्याचा पिता आणि धाकटा भाऊ नाझींच्या छळछावण्यांत मृत्युमुखी पडले होते. त्याच देशात तो आता आसरा घेण्यास आला होता.

कोलोनच्या नभोवाणी केंद्रात विद्युत्-संगीताचा एक स्टुडिओ होता. हर्बर्ट आयमर्ट हा त्याचा प्रमुख. लिगेटीला तेथे काम करता यावे, अशी व्यवस्था त्याने केली. श्टॉकहाउझेनने तर आरंभीचे काही आठवडे त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतले. त्याच वर्षी अर्जेंटिनाहून मॉरिसियो कागेल आणि इंग्लंडहून कॉर्नेलियस कार्ड्यू हे तरुणही कोलोनला आले.

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली, की मूळ स्वराबरोबर त्यातून गंधारही ऐकू येतो, हे तुम्ही अनुभवले असेल. प्रत्येक वाद्याच्या स्वरात असे इतर सूक्ष्म स्वर मिसळलेले असतात. परंतु विद्युत्-यंत्रातून असा स्वर काढता येतो, की ज्यात दुसरा कोणताही स्वर नाही, अगदी निर्भेळ. असे निर्भेळ स्वर एकावर एक रचून, किंवा यंत्रातील नुसता खरखराट चाळणीतून धान्य काढावे तसा गाळून, कोणत्याही वाद्यातून न निघणारा ध्वनी ह्या स्टुडिओत तयार करीत. तो चुंबकीय फितीवर उतरवून घेत. त्या स्टुडिओत फीत दर सेकंदास सुमारे 76 सेंटिमीटर वेगाने चालवीत. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा ध्वनी हवा असेल, तर 38 सेंटिमीटर लांबीचा तुकडा मोजून कापावयाचा आणि पुढच्या तुकड्यास चिकटवावयाचा. संगीतकाराच्या हाती येथे लेखणीपेक्षा मोजपट्टी आणि कात्रीच अधिक वेळ असे. शिंप्याच्या दुकानात शोभावे असे हे काम!

लिगेटीला ह्या यंत्रांची माहिती नव्हती. ती त्याला दिली गॉटफ्रीड मिखाएल कोनिग ह्या जर्मन सहकाऱ्याने. कोनिग स्वतः संगीतकार होता; तरी इतरांच्या रचना फितीवर उतरवून देण्यात त्याने वर्षे वेचली. 1958 च्या आरंभी लिगेटीने ‘आर्टिकुलाट्सिओन’, म्हणजे ‘उच्चारण’, ही रचना हाती घेतली, तेव्हा कोनिग आणि कार्ड्यू हे दोघे त्याच्या मदतीस होते. एक चौतीस वर्षांचा हंगेरियन निर्वासित, एक एकतीस वर्षांचा जर्मन आणि एक एकवीस वर्षांचा इंग्रज. अशा कामात मदतनिसांची नावे मागे पडतात. पण कापणे, जोडणे, ऐकणे आणि चुकले तर पुन्हा कापणे हे एकट्याचे काम नव्हतेच.

लिगेटीने ध्वनींची प्रतवारी मोठ्या मौजेची केली होती. काही दाणेदार, काही ठिसूळ, काही तंतुमय, काही बुळबुळीत, काही चिकट, तर काही घट्ट! कोणता ध्वनी कोणात मिसळतो आणि कोणता मिसळू देत नाही, हे त्याने आधी तपासले. मग एकेका जातीच्या फितीचे तुकडे खोक्यांत टाकून ते न पाहता हाताला येतील तसे उचलले. तुकड्यांपासून जणू शब्द, शब्दांपासून वाक्ये आणि वाक्यांपासून भाषणे, अशी जुळणी झाली.

25 मार्च 1958 रोजी ही रचना कोलोनमध्ये प्रथम ऐकविण्यात आली. ती पुरती चार मिनिटांचीही नाही. तिच्यात राग नाही, ताल नाही, की एकही खरा शब्द नाही. तरी कोणी प्रश्न विचारीत आहे, कोणी उत्तर देत आहे, मध्येच तिसरा तोंड घालीत आहे, मग कुजबुज, मग एकदम भांडण, असा भास होतो. कानाला ती गोड लागत नाही, हे खरे. पहिल्यांदा ऐकणाऱ्यास हसूही येते. आणि त्यात रचनेचा अपमान नाही, कारण विनोद तिच्यात मुद्दामच घातलेला आहे. पुढे 1970 साली राइनर वेहिंगर ह्याने ह्या ध्वनींचा रंगीत आकृत्यांचा एक नकाशाच काढला, त्यामुळे ते संभाषण डोळ्यांनीही वाचता येऊ लागले.

लिगेटी त्या स्टुडिओत फार काळ रमला नाही. यंत्रे त्याच्या कल्पनेला अपुरी पडू लागली, तेव्हा तो पुन्हा वाद्यांकडे वळला. परंतु ध्वनींचे थर एकमेकांवर कसे रचावेत, हे तो कोलोनमध्ये शिकला होता. 1961 मध्ये ‘आत्मोस्फेर’ ही त्याची वाद्यवृंदरचना झाली, तीत ही विद्या उपयोगास आली. तिच्यात एकही विद्युत्-यंत्र नाही.

त्याची आणखी एक रचना मात्र कागदावरच राहिली होती. तिच्यासाठी फितींचे 48 थर अचूक एकत्र आणावे लागत, आणि हे त्या काळी साधेना. आराखडा तसाच पडून राहिला. शेवटी 1996 साली, नेदरलँड्समधील हेग शहरात, केस ताझेलार आणि योहान फान क्राय ह्या दोघांनी तो उलगडला आणि ती रचना ध्वनिमुद्रित केली. तेव्हा लिगेटी 73 वर्षांचा होता.