राऊटरवरचा शिक्का

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी घरांत जुना राऊटर कुणी सहसा टाकून देत नाही, तो बेसमेंटमध्ये जपून ठेवला जातो. वरच्या मजल्यावर वाय-फाय पोचेनासं झालं की विचारणा होते, "हा मेशला चालेल का?" मेश म्हणजे अनेक राऊटर मिळून घरभर एकच वाय-फाय. मित्रमंडळींची घरं जोडून देताना जे कळलं ते सांगतो.

१. आधी शिक्का बघा. टी-मोबाइलनं २०१४ मध्ये ग्राहकांना दिलेला टीएम-एसी१९०० हा राऊटर असूसनं बनवलेला होता. आतलं यंत्र जवळजवळ असूसच्याच आरटी-एसी६८यूचं. २०१८ च्या सुरुवातीला असूसचं एआयमेश आलं आणि आरटी-एसी६८यूला ते नव्या फर्मवेअरसोबत फुकट मिळालं. टी-मोबाइलच्या शिक्क्याचं फर्मवेअर वेगळं होतं, त्यात ते नव्हतं. ताकद असलेलं यंत्र केवळ शिक्क्यापायी मागे राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२. टी-मोबाइलच्या राऊटरचा बूटलोडर बदलून त्या राऊटरचा आरटी-एसी६८यू करणारे हौशी लोक होते. कुणाच्या घरी मी हे करत नाही. मध्येच वीज गेली तर राऊटर निकामी होऊ शकतो, आणि जमलं तरी पुढच्या प्रत्येक अपडेटला धाकधूक. वयस्कर आई-वडील एकटे असतात त्या घरात तर नकोच.

३. एआयमेश असूसच्याच राऊटरना जोडतं. वाय-फाय अलायन्सचं ईझीमेश हे सगळ्यांसाठीचं मानक २०१८ मध्ये आलं, पण जुन्या राऊटरला ते हवं तर उत्पादकानंच तसं फर्मवेअर द्यायला हवं.

४. मेश नसलं तरी तार आहे, आणि माझा भरवसा तारेवरच जास्त. दोनच बँडचे राऊटर हवेतून जोडले तर तोच बँड फोनलाही पुरवायचा आणि मुख्य राऊटरशीही बोलायचा, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. इकडच्या बऱ्याच घरांत केबल टीव्हीची कोॲक्स तार भिंतींतून आधीच फिरलेली असते. तिच्या दोन टोकांना मोका अडॅप्टर लावले की तीच नेटवर्कची तार होते. मोका २.५ मध्ये अडीच गिगाबिटपर्यंत वेग मिळू शकतो. मग जुन्या राऊटरचं डीएचसीपी बंद करा, त्याला वेगळा आयपी पत्ता द्या, तार दोन्हीकडे लॅन पोर्टातच लावा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल मात्र १, ६, ११ यांतले वेगवेगळे. एका राऊटरवरून दुसऱ्यावर कधी जायचं हे फोन ठरवतो, म्हणून जिना चढताना व्हिडिओ कॉल क्षणभर अडखळेल. तेवढं चालवून घ्या.

५. सुरक्षेचे अपडेट थांबलेला राऊटर मुख्य राऊटर म्हणून ठेवू नका.

६. सेकंडहँड घेताना विक्रेत्याच्या "आतून सेमच आहे"वर जाऊ नका. उत्पादकाच्या मेशच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल, शिक्क्यासकट, सापडलं नाही तर त्याला मेश नाही असंच धरा.