विज्ञानसाहित्याचे ग्रंथालयीन वर्गीकरण : जयंत नारळीकरांच्या तीन ग्रंथांच्या अनुषंगाने

ग्रंथालयातील वर्गीकरण ही केवळ पुस्तके लावण्याची सोय नव्हे. कोणता ग्रंथ 'विज्ञान' आणि कोणता 'साहित्य', याविषयीचा एक निर्णयही तीत अंतर्भूत असतो. मराठी विज्ञानसाहित्याच्या अभ्यासकाने या निर्णयाची दखल घेणे अगत्याचे आहे.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील महाविद्यालयीन ग्रंथालयांत सामान्यतः मेल्विल ड्यूई यांची १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेली दशांश पद्धती अनुसरली जाते. तीत ५०० हा विज्ञानाचा, ५२० हा खगोलशास्त्राचा, तर ८९१.४६ हा मराठी साहित्याचा वर्गांक होय. मात्र या वर्गांची विभाजनतत्त्वे भिन्न आहेत. विज्ञानात विषय प्रमाण मानला जातो. ग्रंथाची भाषा गौण ठरते. साहित्यात मूळ भाषा, वाङ्मयप्रकार आणि कालखंड पाहिले जातात. कथेचा विषय गौण ठरतो.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ग्रंथांवरून याचा परिणाम स्पष्ट होतो. 'आकाशाशी जडले नाते' हा ग्रंथ ५२० मध्ये जातो, तर 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह ८९१.४६३ या मराठी कथात्म साहित्यात. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. परंतु चरित्र त्याच्या विषयाबरोबर ठेवावे, या ड्यूई पद्धतीच्या मुख्य संकेतानुसार त्याचे स्थान ५२०.९२ हे ठरते. ९२० या चरित्रवर्गाचा पर्याय स्वीकारला, तरी ते मराठी साहित्याच्या कपाटात येत नाही. केवळ ८९१.४६ धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्याला नारळीकर कथाकार म्हणून भेटतात, गद्यकार म्हणून नव्हे. मराठी गद्याच्या इतिहासाची एक बाजू अशा रीतीने दृष्टीआड राहते.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे अनेक पैलू एकाच वर्गांकात जोडता येतात. तथापि कोणत्याही पद्धतीत ग्रंथाच्या एका प्रतीला कपाटात एकच जागा मिळते. म्हणून खरा उपाय तालिकेत शोधावयास हवा. 'विज्ञानकथा', 'मराठी विज्ञानलेखन', 'मराठी आत्मचरित्र' अशा विषयशीर्षकांखाली पूरक नोंदी केल्यास विखुरलेले ग्रंथ अभ्यासकापुढे एकत्र येतात. संगणकीय तालिकेत हे काम सुलभ आहे. परंतु शीर्षके कोणती असावीत, हे ठरविण्यासाठी वाङ्मयीन विवेक लागतो. ही जबाबदारी ग्रंथपालाइतकीच मराठी विभागाचीही आहे.