दशकाचे मोल

शंभरापर्यंतचे आकडे घडाघडा म्हणणारे बालकही ३९ व ४१ यांतील मोठी संख्या विचारली असता पुष्कळदा ३९ कडे बोट दाखविते. नऊ हा अंक त्याच्या नजरेत भरतो. शिवाय ‘एकोणचाळीस’ लिहिताना आधी तीन येतो, कानी मात्र चाळीस पडतो.

यावर खराट्याच्या काड्या हा बिनखर्ची उपाय होय. दहा काड्यांची एक जुडी मुलांनी स्वतः बांधावी. ३९ म्हणजे तीन जुड्या व नऊ सुट्या काड्या; ४१ म्हणजे चार जुड्या व एक काडी. सुट्या काड्या नवाच्या पुढे जात नाहीत. दहावी येताच नवी जुडी होते. म्हणून प्रथम दशक पाहावे. ४३ व ४७ प्रमाणे दशक समान असतील तरच एककाकडे वळावे, हा नियम मुलास हातांनीच उमगतो.

निपुण भारत अभियानाने २०२१ मध्ये तिसरीअखेर पायाभूत संख्याज्ञानाचे उद्दिष्ट ठेवले. त्याची खरी कसोटी येथेच आहे. जुडी न समजलेल्या मुलास बेरजेतील ‘हातचा एक’ म्हणजे दहा, हे कधीच कळत नाही. तो केवळ पाठ केलेला मंत्र राहतो.